ऐकलं की वाटलं

डॉक्टरांच्या भाषेत मी स्टेबल आहे, आणि तेही बऱ्याच वर्षांपासून. रोज गोळी घेते, लिथियम तपासायला ठरल्या वेळी रक्त देते, पाणी भरपूर पिते, ऑफिसला जाते. मला बायपोलर आहे. म्हणजे एकेकाळी मन आभाळाला टेकायचं, मग तळाला जाऊन बसायचं. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना वाटतं, दोन्ही टोकं थांबली म्हणजे बाई आता मजेत असेल. मलाही वाटलं होतं. टोकं थांबल्यावर मधे काय उरतं ते मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यासारखीच कोणी गोळ्या वेळेवर घेऊनही घरात एकटी बसली असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

मधे उरली ती एक सवय. समोरच्यानं काहीही म्हणावं, मी त्याचा अर्थ माझ्याविरुद्ध काढणार. भाजी छान झाली म्हटलं, की रोज होत नाही असं म्हणायचं असणार. शेजारीण जिन्यात घाईनं गेली, की मला टाळलं. ऑफिसात दोघी हळू बोलल्या, की विषय मीच. रेल्वेच्या कार्यालयात मी रजेच्या टेबलावर आहे. जगाची कावीळ, पाठदुखी, मोडलेले पाय माझ्या हाताखालून जातात, आणि प्रत्येकाच्या आजाराची चौकशी मी मनापासून करते. माझ्या आजाराची चौकशी कोणी केली, तर मात्र ती बाई खबर काढायला आली आहे असं मला पाच मिनिटांत पटलेलं असतं.

गोळी या सवयीला लागू पडत नाही. मी डॉक्टरांना विचारून पाहिलं.

*

आजाराचं नाव मला कळलं तेव्हा आमची प्रज्ञा शाळेत जायला लागली होती. मला झोप नको झाली होती, मी इथे जबलपुरात, गढ्याच्या बाजारात, अनोळखी बायकांना घरातली भांडी वाटून आले होते, आणि या सगळ्यात मला फार आनंद होत होता. आमचे हे डिफेन्सच्या फॅक्टरीत. सुट्टी टाकून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला थोडं विचारलं, मग ह्यांना विचारलं, असं आधी कधी झालं होतं का.

ह्यांनी खाली मान घातली आणि सांगितलं. प्रज्ञाच्या वेळी मी रीतीप्रमाणे माहेरी होते, गोंदियाला. पहिलं बाळंतपण आईकडे. बाळ झाल्यावर मला झोप लागेना, बोलणं थांबेना. घरचे म्हणाले, बाळंतिणीला वारं लागलं, डोकं बांधा, होईल बरं. मग ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, सगळे जेवून आडवे झाले असताना मी अनवाणी बाहेर पडले आणि आठवड्याच्या बाळाला गावाला दाखवायला निघाले. बाळ उघडं, मी उघड्या डोक्यानं. स्टेशनाबाहेरच्या एका फळवाल्यानं आम्हाला सावलीत बसवलं आणि कोणाला तरी घरी पाठवलं.

ऊन आणि पायांची आग मला आठवत होती, पण बाळ हातात होतं हे मला त्या दिवशी, डॉक्टरांसमोर, पहिल्यांदा कळलं. लोक विचारतात, निदान ऐकून काय वाटलं. खरं सांगायचं तर आजाराचं नाव मी ऐकलंच नाही. मी प्रज्ञाच्या उघड्या डोक्याचा विचार करत होते.

वॉर्डात मग बरेच दिवस गेले. सकाळी चहा, मग गोळ्या, मग नर्ससमोर तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. दुपार संपता संपत नसे. तिथली एक आया मला रोज विचारायची, ‘बाल बना दूँ?’ आणि उत्तराची वाट न पाहता वेणी घालायची. ती काहीच बोलत नसे, आणि मलाही तिच्या मनातलं ओळखावंसं वाटत नसे. त्या काळात माणूस म्हणून मला बरं वाटलं ते तेवढा वेळ.

*

घरी आल्यावर दोन गोष्टी सुरू झाल्या. दोन्ही प्रेमापोटीच, आता मला दिसतं.

एक म्हणजे ह्यांचं रोज सकाळचं, ‘झोप झाली?’ चहा हातात देण्याआधी. पाऊस असो, सण असो, घरात पाहुणे असोत, प्रश्न ठरलेला. पाहुण्यांसमोर तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसरी हसण्याची. मी जोरात हसले की घर गप्प व्हायचं. ‘काय झालं, काहून हसून राहिली?’ असं हे अगदी मायेनं विचारायचे, पण नजर फ्रिजवरच्या गोळ्यांच्या डबीकडे जायची. एकदा जेवताना प्रज्ञानं तिच्या सरांची नक्कल केली. मला हसू आवरेना, ठसका लागला. डोळे पुसून वर पाहिलं तर लेकही डबीकडे बघत होती. तेव्हा ती दहावीत असेल. त्या दिवसापासून मी हसणं आखडतं घेतलं. मी शांत झाले, आणि मी शांत आहे म्हणून घरच्यांना हायसं वाटलं. माझे भाऊ फोनवर ह्यांना विचारायचे, कशी आहे? हे म्हणायचे, एकदम शांत, काही त्रास नाही. मी आतल्या खोलीत ऐकायची.

त्या शांततेत मी किती एकटी पडले हे कोणाला सांगता येईना. सांगितलं असतं तर डबी उघडून गोळ्या मोजल्या असत्या.

*

प्रज्ञाचं लग्न नागपूरला झालं. मुलगा चांगला, घरचे मोकळ्या मनाचे. माझ्या आजाराचं तिनं लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. गेल्या वर्षी तिनं फोनवर बातमी दिली, मला दिवस गेलेत. मी खूप रडले, आनंदानं. आणि फोन ठेवला त्याच क्षणी डोक्यात आलं, ही इकडे यायची नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी हे न बोलता ठरलेलं असतं. फक्त मुलीनं तोंडानं म्हणायचं नसतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची, आणि भरल्या घरात आईनं म्हणायचं, आता लेकीला घेऊन जाते. सासरच्यांनी थोडे आढेवेढे घ्यायचे आणि मग हो म्हणायचं.

मी पुरावे गोळा करत बसले. प्रज्ञा फोनवर माझ्याशी जेवणखाणाचं बोलायची आणि मग म्हणायची, बाबांना दे. हे फोन घेऊन गॅलरीत जायचे आणि हळू आवाजात बोलायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काही नाही, असंच. यायचा-न यायचा विषय तिनं कधी काढला नाही. माझ्या मनानं निकाल लावला. भर उन्हात बाळाला घेऊन निघालेल्या बाईच्या हातात कोणती मुलगी आपलं बाळ देईल? ती बरोबरच आहे. फक्त मला दुखवायचं नाही म्हणून बापाशी ठरवते आहे.

हा विचार मला क्रूर वाटत नव्हता, शहाणपणाचा वाटत होता. या सवयीत हेच वाईट. ती रडत-भेकत येत नाही, सगळ्यात समजूतदार माणूस बोलावा तशी बोलते.

तेव्हा मी ठरवलं की तिला नाही म्हणायची वेळच आणायची नाही. आपणच आधी मोकळं करून टाकावं.

ओटीच्या दिवशी नागपूरच्या घरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. हिरव्या साडीत प्रज्ञा, गालावर घाम. मी ओटी भरली. विहीणबाईंनी हसून विचारलं, ‘मग ताई, कधी नेता लेकीला?’

मी म्हटलं, ‘इथेच राहू द्या. डॉक्टर चांगले आहेत तुमच्याकडे. आमच्या जबलपूरला ऊन फार असतं.’

नागपुरात बसून, नागपूरच्या बायकांसमोर, मी जबलपूरच्या उन्हाचं कारण दिलं. सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं मी थट्टा केली, आता पुढे खरं बोलेन. मी पुढे काही बोलले नाही. हसणं विरलं. विहीणबाईंनी फराळाचं ताट फिरवलं. प्रज्ञा पदराच्या काठाशी चाळा करत खाली बघत होती.

परतीच्या बसमध्ये सिवनीपर्यंत हे बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘असं काहून म्हटलं तू?’ मला वाटलं, सुटका झाल्यावर आता चांगुलपणा दाखवून राहिलेत.

*

जबलपुरातच, चेरीतालला, एक समुपदेशक मुलगी बसते. मुलगीच म्हणायची, प्रज्ञाहून जेमतेम मोठी. माझ्या डॉक्टरांनीच तिच्याकडे पाठवलं होतं, की गोळीचं काम गोळी करेल, हे काम हिच्याकडे करा. सुरुवातीला मी तिला गंभीरपणे घेतलं नाही. तिचा एकच प्रश्न असायचा. मी काही सांगितलं की ती विचारायची, ‘दीदी, ये आपने सुना, या आपको लगा?’ ऐकलं की वाटलं. मला ते पहिलीच्या वर्गातल्यासारखं वाटे. शेजारीण टाळते, ऐकलं की वाटलं? वाटलं. ऑफिसातल्या दोघी माझ्याविषयी बोलतात, ऐकलं की वाटलं? वाटलं. मी घरी येऊन ह्यांना तिची नक्कल करून दाखवायची.

नागपूरहून आल्यावर तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. या वेळी नक्कल करण्यासारखं काही नव्हतं.

‘बेटी ने कहा था, नहीं आना है?’

‘नहीं.’

‘तो किसने कहा?’

नाही म्हणणारी एकच बाई होती, आणि ती मी होते. तिनं मला घाई केली नाही. मग म्हणाली, दीदी, सीधा पूछ लीजिए, और वो जो बोले उतना ही सुनिए. विचारायचं, आणि ती बोलेल तेवढंच ऐकायचं, त्यात आपली भर घालायची नाही.

विचारायला मला बरेच दिवस लागले. कारण न विचारता निदान एक शक्यता शिल्लक होती. तिनं खरंच ‘हो, मला तुझी भीती वाटते’ म्हटलं असतं, तर मी ते घेऊन कुठे जाणार होते?

*

शेवटी एका दुपारी ऑफिसच्या मागच्या जिन्यात उभी राहून मी फोन लावला. घरून लावला असता तर ह्यांनी ऐकलं असतं.

‘प्रज्ञा, तुला इकडे यायचं नाही का?’

ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचे मी लगेच चार अर्थ लावले. मग ती म्हणाली, ‘तूच नाही म्हटलं ना आई. सगळ्यांसमोर.’

‘मला वाटलं तुला भीती वाटते.’

‘वाटते ना. खूप डर लागून राहिला मला.’

घ्या. माझंच खरं निघालं. आणि मला लाज वाटते सांगायला, पण आधी मला बरंच वाटलं, पैज जिंकल्यावर वाटतं तसं. मी ठीक आहे, असू दे, म्हणून फोन ठेवणार होते. पण बोलेल तेवढं सगळं ऐकायचं होतं, म्हणून कान लावून उभी राहिले.

‘तुझी नाही आई. माझी. तुला जे झालं ते मला झालं तर? इथे कोणाला समजणार? हे लोग खूप अच्छे आहेत, पण यांना वाटेल मी खुश आहे. बाबांना मी तेच विचारायची, आईला सुरू कसं झालं, पहिल्या दिवशी ती कशी दिसत होती. त्यांना पण बरोबर सांगता नाही येत. तुला विचारायची हिम्मत नाही झाली, तुला वाईट वाटलं असतं.’ ती रडत होती. ‘तुला समजेल आई. दुसरं कोणी ओळखो न ओळखो, तू ओळखशील. म्हणून मला तिकडेच यायचं होतं.’

मी जिन्याच्या पायरीवर बसले. जे मी जन्मभर लपवण्यासारखं समजत होते, त्याचाच तिला आधार हवा होता, आणि माझ्यापर्यंत यायला तिला बापाची गॅलरी शोधावी लागली. आम्ही दोघी एकमेकींना जपत, दोन गावांत, आपापल्या जागी घाबरून बसलो होतो.

मन लगेच म्हणालं, दया येऊन बोलते आहे. मी त्याला विचारलं, हे ऐकलं की वाटलं? तिचं बोलणं मी कानांनी ऐकलं होतं. दयेचं तेवढं मला वाटलं होतं.

‘मी आणायला येते,’ मी म्हटलं.

‘ऊन आहे ना तिकडे,’ ती नाक पुसत म्हणाली.

त्या रिकाम्या जिन्यात मी मोठ्यानं हसले.

*

आणायला गेलो तेव्हा विहीणबाईंनी थोडे आढेवेढे घेतले, रीत म्हणून, आणि या वेळी मी नीट उत्तरं दिली.

जबलपूरला आल्यावर मी प्रज्ञाला घेऊन माझ्या डॉक्टरांकडे गेले. बाळंतपणाआधीच. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना हे आवर्जून सांगते, वारं लागण्याची वाट बघू नका. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, काय दिसलं तर लगेच यायचं ते सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, रात्री बाळासाठी तुम्ही उठायचं नाही, तुमची झोप मोडता कामा नये. मला ते लागलं. आजी करून टाकली, पण अर्धीच. घरी येईपर्यंत मी त्या वाक्याचा वाटून वाटून भलताच अर्थ काढला होता. रात्रीचं काम ह्यांनी घेतलं. म्हणाले, ‘चलो, दुधाची बाटली गरम करायला काय लागतं, मी उठीन.’ दिवस माझ्याकडे आले.

नात झाली. मे महिना होता.

आता रोज सकाळी प्रज्ञाला पहिला प्रश्न मी विचारते, ‘झोप झाली?’ पहिल्या दिवशी तोंडातून निघाला आणि मी चपापले. हा तर ह्यांचा प्रश्न. मी किती वर्षं त्याला पोलिसी तपासणी समजत आले होते. माझ्या तोंडी तर त्यात काळजीशिवाय काही नव्हतं.

एका सकाळी ती म्हणाली, ‘नाही झाली. आणि सारखं रडू येऊन राहिलं आई.’

मन म्हणालं, बघ, तुझंच दिलं तिला. ते बाजूला ठेवून मी तिच्याजवळ बसले आणि जे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते ते विचारले. झोप येत नाही, की बाळ झोपू देत नाही? डोकं धावतं का? सगळं फार सुंदर, फार मोठं वाटतं का? बाळाविषयी काही भलतंसलतं मनात येतं का? ती प्रत्येकाचं उत्तर विचार करून देत होती. नाही. थकवा आहे. अंग दुखतं. दूध पाजताना जीव जातो. तरी त्याच सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, बाळंतपणानंतरचं थकलेपण आहे, लक्ष ठेवा, आणलंत ते बरं केलंत. हे मी ऐकलं, आणि जसं ऐकलं तसंच घरी आणलं.

ती सवय गेली का? नाही. आजही सकाळी शेजारणीनं दार लावलं ते माझ्या तोंडावरच लावलं असं मला वाटलं. वाटतं, अजूनही रोज वाटतं. फक्त आता वाटलेलं मी ऐकलेल्यात मिसळत नाही. तेवढंच जमतं, आणि कधी कधी तेही जमत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून आलो तर ऊन चढलं होतं. हे फॅक्टरीत गेले. प्रज्ञानं दोन घास खाल्ले, बाळाला पाजलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता इथेच बसून राहील, लक्ष ठेवायला. ती उठली.

‘मी झोपते आई. तू आहेस ना?’

‘आहे.’

ती आत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं तिचा घोरण्याचा आवाज यायला लागला. बाहेर भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाळाच्या अंगावर खिडकीतून उन्हाची एक तिरीप आली, तशी मी उठून पडदा ओढला आणि पुन्हा बसले. घरात माझ्यावर लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं.